भूमध्य समुद्राच्या क्रूझवर ऐतिहासिक बंदरं कशी बघावीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मे महिन्यात आई-बाबांना घेऊन सात रात्रींची क्रूझ ठरली आहे. बार्सेलोनाहून निघायचं, मग मार्सेलिस, जेनोआ, चिव्हिटावेकिया (रोमचं बंदर), नेपल्स, माल्टातलं व्हॅलेटा, एक दिवस भर समुद्रात आणि परत बार्सेलोना. बहुतेक ठिकाणी जहाज सकाळी आठला लागतं आणि संध्याकाळी पाच-सहाला सुटतं. वडिलांना इतिहासाची आवड आहे, आईचे गुडघे दुखतात. जहाजाच्या सहली महाग वाटतात. त्या घ्याव्यात की आपलं आपण फिरावं, आणि नेमकं काय बघावं?

या मार्गावर टूर मॅनेजर म्हणून मी बरीच वर्षं माणसं नेतो आहे, त्यावरून सांगतो. रोमसाठी जहाजाची बस घ्या. बाकी सगळीकडे आपलं आपण फिरा, आणि शक्यतो बंदराचं गाव सोडून लांब जाऊ नका. मार्सेलिस, जेनोआ, नेपल्स, व्हॅलेटा ही गावं बंदरामुळे वसली, बंदरावर श्रीमंत झाली आणि बंदरापायीच त्यांनी वेढे नि साथी सोसल्या. त्यांचा इतिहास धक्क्याच्या आसपासच आहे. तरी दर मोसमात मी बघतो, लोक मार्सेलिसला उतरतात आणि एक्स-आँ-प्रोव्हान्सच्या बसमध्ये बसतात, जेनोआला उतरून पोर्तोफिनोला पळतात. अडीच हजार वर्षांचं बंदर पाठीमागे राहतं आणि दिवस हायवेवर जातो. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

आधी वेळेचा हिशेब समजून घ्या. पत्रकात ‘८ ते ५’ असं छापलेलं असतं, पण आठला जहाज धक्क्याला लागतं. गँगवे, म्हणजे जहाजावरून उतरायची वाट, उघडून, सहलींचे ग्रुप उतरून तुमचा पाय जमिनीवर पडेपर्यंत पाऊण तास जातो. परत यायची वेळ सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधीची असते. म्हणजे नऊ तासांचे हातात राहतात साडेसातच्या आसपास. त्यात जेवण आणि स्वच्छतागृहांच्या रांगा आल्या. जहाजाच्या सहलीची बस अडकली तर जहाज थांबतं, किंवा कंपनी तुम्हाला पुढच्या बंदरात पोचवते. आपले आपण गेलो आणि उशीर झाला तर जहाज थांबत नाही. म्हणून स्वतः फिरताना परतीच्या वेळेआधी दीड तास बंदराच्या परिसरात यायचं, हा नियम मी कधी मोडू देत नाही. केबिनमध्ये रोज येणाऱ्या कार्यक्रम-पत्रकावर त्या बंदरातल्या एजंटचा फोन नंबर असतो. उतरण्याआधी त्याचा आणि सगळ्यांच्या पासपोर्टचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. घड्याळाची मात्र या मार्गावर चिंता नाही. स्पेन, फ्रान्स, इटली आणि माल्टा एकाच वेळेवर चालतात.

मार्सेलिसला क्रूझ टर्मिनल जुन्या बंदरापासून सातआठ किलोमीटर लांब, मालधक्क्यांच्या पलीकडे आहे. चालत जायच्या भानगडीत पडू नका. शटल बस मिळते; ती कुठे सोडते आणि शेवटची किती वाजता परत निघते, हे चढतानाच विचारा. उतरल्यावर पहिला मुक्काम इतिहास संग्रहालयाचा. इसवी सनापूर्वी ६०० च्या सुमारास आशिया मायनरमधल्या फोकेया शहरातून आलेल्या ग्रीकांनी मार्सेलिस वसवलं. १९६७ मध्ये इथे बाजारसंकुलासाठी खोदकाम सुरू झालं आणि त्या जुन्या बंदराचा एक कोपराच वर आला. आज संग्रहालयाला लागून असलेल्या बागेत प्राचीन धक्क्याचे दगड उघड्यावर दिसतात. पाणी केव्हाच मागे हटलं आहे. जहाजं जिथे बांधली जायची तिथे आता गवत आहे. आत ग्रीक काळातल्या, दोरीने शिवलेल्या नौकेचे अवशेष आहेत. वडिलांना तिच्यासमोर थोडा वेळ उभं करा. फळ्यांना कडेने भोकं पाडून दोरीने टाके घालायचे, ही रीत आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही शतकानुशतकं होती. गोव्यात अलीकडे बांधलेली नौदलाची ‘कौंडिण्य’ ही नौका त्याच पद्धतीने शिवलेली आहे. हे संग्रहालय सोमवारी बंद असतं.

तिथून बंदराच्या कडेकडेने सेंट जाँ किल्ल्याकडे या. रस्ता सपाट आहे, आईंना त्रास होणार नाही. सकाळी लवकर पोचलात तर बंदराच्या टोकाला कोळणी ताजी मासळी मांडून बसलेल्या दिसतील. किल्ल्याच्या तटावरून एकीकडे जुन्या बंदराचं तोंड आणि दुसरीकडे नव्या गोद्या दिसतात. इथे मी प्रत्येक मराठी ग्रुपला थांबवतो. ८ जुलै १९१० ला ‘मोरिया’ हे जहाज मार्सेलिसच्या बंदरात उभं असताना सावरकरांनी शौचकूपाच्या खिडकीतून समुद्रात उडी घेतली, पोहत धक्का गाठला आणि धावत सुटले. फ्रेंच शिपायाने त्यांना पकडलं आणि पाठलाग करत आलेल्यांच्या ताब्यात दिलं. एवढं आपण शाळेपासून ऐकलेलं असतं. पुढचा भाग कमी लोकांना माहीत असतो. फ्रान्सच्या भूमीवर पकडलेला माणूस परत करायला हवा की नको, यावरून फ्रान्स आणि ब्रिटन हेगच्या लवाद न्यायालयात गेले. पकडण्याच्या रीतीत गैर झालं हे मान्य करूनही न्यायालयाने २४ फेब्रुवारी १९११ ला ब्रिटनच्या बाजूने निकाल दिला. आश्रय आणि प्रत्यार्पण या विषयांवरच्या कायद्याच्या चर्चेत हा खटला अजूनही निघतो.

वेळ उरला आणि टॅक्सीचा खर्च चालणार असेल, तर शहराच्या दक्षिणेला माझार्गची युद्ध दफनभूमी आहे. पहिल्या महायुद्धात सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस भारतीय फौज याच बंदरात उतरली. त्यातल्या लाहोर डिव्हिजनमध्ये खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या, दोन कंपन्या होत्या; पुढे महिनाभरातच उत्तर फ्रान्समधल्या नव्ह शापेलला त्यांची भयंकर हानी झाली. माझार्गला भारतीय सैनिकांचं स्मारक आहे. माझ्या ग्रुपमध्ये कुणी लष्करातलं असेल तर मी चर्च वगळतो, पण हे वगळत नाही.

जेनोआला जहाज अगदी गावातच लागतं. मरीन स्टेशनमधून बाहेर पडलात की पाच-दहा मिनिटांत जुन्या घरांच्या रांगा सुरू. डावीकडे-उजवीकडे न बघता समुद्राच्या कडेने सॅन जॉर्जो वाड्यापर्यंत चाला. १२६० चा हा वाडा. १४०७ मध्ये स्थापन झालेल्या सॅन जॉर्जो बँकेचा कारभार इथून चालायचा. राज्याचं कर्ज, बंदराचा जकात कर, वसाहती, सगळं या बँकेच्या हातात होतं. १२९८ च्या सुमारास मार्को पोलो जेनोआत कैदेत होता, आणि परंपरा सांगते की तो याच वाड्यात होता. कोकणच्या ठाण्याचं वर्णन ज्याच्या प्रवासवृत्तात येतं, तो माणूस आपली हकीकत सांगायला बसला तो इथल्या तुरुंगात. वाड्यासमोरच्या कमानींखाली तळणाची छोटी दुकानं आहेत. तिथे ‘फारिनाता’ मागा. बेसन, पाणी, तेल आणि मीठ, एवढंच; मोठ्या तांब्याच्या थाळीत भट्टीत भाजलेलं, धिरड्यासारखं पण जाड आणि कडेला कुरकुरीत. शाकाहारी माणसाला या अख्ख्या मार्गावर याहून बिनधास्त खाणं सापडत नाही.

आईंसाठी जेनोआत एक सोय मुद्दाम सांगतो. जुनं गाव चढउताराचं आहे, गल्ल्या चिंचोळ्या आणि फरशा घसरड्या. पण पोर्तेल्लो चौकातून कास्तेल्लेत्तोला जाणारी सार्वजनिक लिफ्ट आहे, १९०९ सालची. वर गेलात की स्लेटच्या छपरांचं सगळं गाव, गोद्या आणि पलीकडे १५४३ चा दीपस्तंभ एका नजरेत येतो. वडिलांना कॅथेड्रलमध्ये नेऊन तो तोफगोळा नक्की दाखवा. ९ फेब्रुवारी १९४१ ला ब्रिटिश आरमाराने शहरावर मारा केला, त्यातला एक गोळा भिंत फोडून आत आला पण फुटला नाही. तो आजही आत ठेवलेला आहे. संग्रहालय एकच बघायचं असेल तर गालाता. समुद्र या विषयावरचं आहे, जहाजाजवळ आहे, आणि इथून अमेरिकेला गेलेल्या स्थलांतरितांचा भाग फार चांगला मांडला आहे.

चिव्हिटावेकियाबद्दल थोडक्यात. हे बंदर रोमन सम्राट ट्रेजनने बांधलं. समुद्रात मोठमोठे दगड टाकून लाटा अडवणारं बेट कसं उभं राहत होतं, हे त्या काळच्या धाकट्या प्लिनी या रोमन लेखकाने स्वतः बघून पत्रात लिहून ठेवलं आहे. धक्क्याजवळचा मायकेलअँजेलोच्या नावाचा किल्लाही देखणा आहे. पण आई-बाबांनी रोम बघितलं नसेल तर त्यांना इथे थांबा म्हणणं मला पटत नाही. रोम इथून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर आहे. रेल्वे आहे, स्वस्तही आहे, पण बंदराची शटल, पुढची बस, स्टेशनचे जिने, गर्दी, आणि परतताना गाडी उशिरा असली तर जीव टांगणीला. जहाजाची ‘फक्त बस, गाइड नाही’ अशी एक सहल असते. ती गाइडच्या सहलीपेक्षा बरीच स्वस्त पडते आणि परतीची हमी तीच राहते. रोममध्ये तुम्हाला चार तास मिळतील. त्यात व्हॅटिकन किंवा कोलोसियमची बाजू, दोन्हींपैकी एकच. दोन्ही करायला गेलेली माणसं संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर एक शब्द बोलत नाहीत, इतकी दमलेली असतात. वृद्ध माणसं बरोबर असतील तर मी कोलोसियम बाहेरून बघतो, शेजारच्या रस्त्यावरून फोरमचे अवशेष दाखवतो आणि पँथिऑनशी थांबतो.

आता नेपल्स. या प्रवासातला माझा सगळ्यात आवडता दिवस, आणि मराठी माणसाने तो कसा घालवावा याबद्दल माझं मत ठाम आहे. सगळे पॉम्पेईला जातात. पॉम्पेई प्रचंड आहे, सावली नाही, रस्ते मोठाल्या ओबडधोबड दगडांचे. दुखऱ्या गुडघ्यांना तिथे दोन तासही जड जातात. शिवाय आता तिकिटावर नाव लागतं आणि दिवसाला २०,००० लोकांची मर्यादा आहे. त्याऐवजी एर्कोलानोला, म्हणजे प्राचीन हर्क्युलेनियमला जा. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात तेही गाडलं गेलं, पण तप्त राखेच्या लोंढ्याखाली इतकं खोल दबलं की वरचे मजले, लाकडी तुळया, दारं, अगदी पाळणासुद्धा कोळसा होऊन टिकला. गाव लहान आहे, दोन तासांत नीट बघून होतं. आणि बंदर बघायला निघालेल्या माणसाने तिथला किनारा बघायलाच हवा. समुद्राकडे तोंड केलेल्या कमानींच्या नौकाघरांत सुमारे तीनशे माणसांचे सांगाडे सापडले. सुटकेच्या आशेने ती पाण्याकाठी येऊन थांबली होती. आज तिथून समुद्र दिसतही नाही, उद्रेकाने किनाराच पुढे ढकलला. लोकल रेल्वे आहे, पण ती गच्च भरते आणि पाकीटमारांसाठी बदनाम आहे. चौघांत टॅक्सी परवडते. भाडं आधी ठरवून, शक्यतो लिहून घ्या.

दुपारी परत शहरात या आणि राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात जा. मंगळवारी ते बंद असतं, तुमच्या तारखा तपासा. अंगात त्राण एकाच गोष्टीपुरतं असेल, तर एर्कोलानो सोडा पण हे सोडू नका. पॉम्पेईची भित्तिचित्रं, मोझेक, सगळं मूळ ऐवज इथे आहे. आणि ‘गुप्त दालन’ नावाच्या खोलीत एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे, वीतभराहून थोडी उंच. १९३८ मध्ये पॉम्पेईतल्या एका घरात ती सापडली. त्या घराला आता ‘भारतीय मूर्तीचं घर’ म्हणतात. अंगावर दागिन्यांखेरीज जवळजवळ काही नाही, हातांत कोपरापर्यंत बांगड्या, गळ्यात भरगच्च हार, आणि दोन्ही बाजूंना तळाशी छोट्या दासी. सापडली तेव्हा तिला लक्ष्मी म्हटलं गेलं, आता बहुतेक अभ्यासक यक्षी मानतात. डोक्यातून खाली आरपार छिद्र आहे, म्हणजे ती आरशाची मूठ किंवा एखाद्या छोट्या मेजाचा पाय असावी.

तिच्याशी जवळचं साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती सापडल्या त्या आपल्याकडे, धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला. तेर म्हणजे ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथातलं तगर. तिथला आणि पैठणचा माल गाड्यांवरून भरूचच्या बंदराला जायचा, असं त्यात नोंदवलं आहे. नेपल्सच्या मूर्तीवर खरोष्ठी, म्हणजे प्राचीन काळी वायव्य भारतात चालणाऱ्या लिपीतलं, अक्षर कोरलेलं असल्याने काही अभ्यासक तिचं मूळ वायव्येकडे शोधतात, त्यामुळे ती मराठवाड्यातलीच आहे असं ठासून सांगू नका. पण सातवाहनांच्या काळात दख्खनचा व्यापार भूमध्य समुद्रापर्यंत पोचला होता, याचा पुरावा उलट्या बाजूनेही आहे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत उत्खननात पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, कांस्यमूर्ती मिळाली आणि ती तिथल्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. जमलं तर निघण्याआधी कोल्हापूर किंवा तेर करून जा. मग नेपल्सच्या त्या खोलीत तुमचे वडील अर्धा तास हलणार नाहीत. मूर्ती कधी प्रदर्शनासाठी बाहेरगावी गेलेली असते आणि हे दालनही कधी बंद असतं, म्हणून तिकीट काढतानाच विचारा. संग्रहालयापर्यंत मेट्रो आहे. बंदरासमोरच्या म्युनिचिपियो स्टेशनवरून बसायचं. ते स्टेशन खोदताना रोमन काळचं बंदर आणि बुडालेल्या नौका सापडल्या होत्या.

व्हॅलेटाला जहाज आत शिरताना झोपून राहू नका. येण्याची वेळ आदल्या दिवशी विचारा आणि तासभर आधी वरच्या डेकवर जा, आई-बाबांना स्वेटर घालून न्या. उजव्या हाताला सेंट एल्मो, डाव्या हाताला रिकासोली, दोन्ही किल्ल्यांमधून जहाज आत येतं आणि पुढे सेंट अँजेलोचा किल्ला पाण्यात उतरलेला दिसतो. आपण सिंधुदुर्ग-विजयदुर्ग बघितलेली माणसं. बुरुजाची जागा का निवडली, तोफेचा मारा कुठपर्यंत पोचत असेल, हे आपल्या डोळ्यांना आपोआप दिसू लागतं. १५६५ मध्ये ऑटोमन फौजेने याच बंदराला वेढा घातला. सेंट एल्मो महिनाभर झुंजून २३ जूनला पडला, पण बाकीचे किल्ले टिकले आणि सप्टेंबरात वेढा उठला. दुसऱ्या वर्षी बेटावर सत्ता असलेल्या नाइट्सचा, म्हणजे ख्रिस्ती लढवय्यांच्या संघाचा, प्रमुख व्हॅलेट याने समोरच्या ओसाड टेकाडावर नव्या शहराची पायाभरणी केली, तेच हे व्हॅलेटा. दुसऱ्या महायुद्धात उपासमारीने बेट शरण जायच्या बेतात असताना ‘ओहायो’ हे मोडकं तेलवाहू जहाज १५ ऑगस्ट १९४२ ला दोन्ही बाजूंच्या जहाजांनी धरून याच तोंडातून आत आणलं.

धक्क्यावरून वर शहरात जायला लिफ्ट आहे, ५८ मीटरची. ती थेट अपर बराक्का बागेत पोचवते. दुपारी बारा वाजता बागेखालच्या तोफखान्यात तोफ उडवतात, ती बघून पुढे निघा. सेंट जॉन कॅथेड्रलमध्ये जमिनीवर नाइट्सच्या सुमारे चारशे रंगीत संगमरवरी समाध्या आहेत. चालताना सावकाश खाली बघत जा. टोकदार टाचेच्या चपला तिथे चालत नाहीत, खांदे झाकलेले लागतात, आणि रविवारी पर्यटकांना प्रवेश नसतो. इटालियन चित्रकार कारावाज्जोचं १६०८ चं ‘सेंट जॉनचा शिरच्छेद’ इथेच आहे, ज्या दालनासाठी काढलं त्याच दालनात. त्याने सही केलेलं हे एकमेव चित्र, आणि सही आहे ती चित्रातल्या सांडलेल्या रक्तात. मग खाली उतरून छोट्या होडीने पलीकडे बिर्गूला जा. बंदर पाण्याच्या पातळीवरून बघायला मिळतं आणि गुडघ्यांनाही विसावा. बेटाची जुनी राजधानी म्दीना वगैरे या खेपेला सोडून द्या.

बार्सेलोनाला एक दिवस आधी पोचा. विमान उशिरा आलं तर जहाज थांबत नाही, आणि शहरही बघून होतं. साग्रादा फामिलियाचं तिकीट वेळेसकट आधी काढावं लागतं. पण बंदराच्या दृष्टीने कोलंबसच्या खांबाजवळची जुनी राजगोदी बघा. दगडी कमानींच्या लांबच लांब दालनांत, जिथे गलबतं बांधली जायची तिथेच, लेपांतोच्या १५७१ च्या लढाईत ऑटोमनांशी लढलेल्या ख्रिस्ती आरमाराच्या सेनापतीच्या जहाजाची पूर्ण आकाराची प्रतिकृती उभी आहे. तिथून सांता मारिया देल मार चर्च जवळ आहे. १३२९ ते १३८३ या काळात बांधलं गेलं. बंदरावरच्या हमालांनी त्याचे दगड पाठीवरून वाहून आणले, आणि मुख्य दारावर वाकलेल्या हमालांच्या छोट्या ब्राँझ आकृत्या आहेत. त्या दारापाशी जरा थांबा.

व्हिसाबद्दल: तुमच्या मार्गावरचे चारही देश शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहेत. अर्ज ज्या देशात जास्त दिवस त्या देशाकडे करायचा असतो; दिवस सारखे भरले तर जिथून प्रथम प्रवेश, त्या देशाकडे. तुमची तीन बंदरं इटलीत आहेत, पण बार्सेलोनाच्या आधीच्या-नंतरच्या रात्री धरल्या तर स्पेनचं पारडं जड होऊ शकतं. हॉटेलं पक्की करण्याआधी हा हिशेब मांडा. मुंबईत उन्हाळ्याच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळणं कठीण जातं, जानेवारीतच मागे लागा.

आणि आईंसाठी घडीची काठी आणि एक हलकं घडीचं स्टूल बरोबर घ्या. संग्रहालयाच्या रांगेत बसायला जागा नसते. इटलीत बरीच चर्चेस दुपारी बारा ते तीन-साडेतीन बंद असतात; त्या वेळेला जेवण ठेवा. नेपल्समध्ये पिझ्झा मागताना ‘मरिनारा’ म्हणा, त्यात फक्त टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल असतं, चीजसुद्धा नसतं. माल्टात ‘पास्तित्सी’ मिळतात, वाटाण्याच्या सारणाच्या मागा. जहाजावरून फळं किंवा ताटातलं खाणं खाली नेता येत नाही, घरून आणलेली बंद पाकिटं मात्र चालतात. समुद्रातला दिवस व्हॅलेटानंतर आहे हे तुमच्या पथ्यावर पडलं आहे, त्यामुळे नेपल्सला आणि व्हॅलेटाला थोडं जास्त चालणं झालं तरी चिंता करू नका.